शंका घेता यावी अशी नोंद

थंडीच्या दिवसांतल्या एका सकाळी तलावाच्या ओसरत्या पाण्याकाठी पंधरावीस छोटे टिलवे चिखलात चोची खुपसत धावत होते. त्यांतल्या एकाचे पाय मला पिवळसर दिसले. छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात. पिवळसर पाय, पाठीवरच्या गडद पिसांना तांबूस किनार आणि मान उंचावून जरा ताठ उभे राहण्याची लकब या तीन गोष्टी एकत्र आल्यावर माझ्या मनात लगेच लांबबोट्या टिलव्याचे नाव उमटले. त्या तलावावर तो आधी कोणी पाहिल्याचे मला माहीत नव्हते. मी वहीत वेळ लिहिली, नाव लिहिले आणि नावाखाली रेघ मारली. दहाएक मिनिटांनी तोच पक्षी उथळ पाण्यात शिरला, त्याने पंख फडफडवून अंघोळ केली आणि तो बाहेर आला तेव्हा त्याचे पाय काळे होते. पिवळसर रंग वाळलेल्या चिखलाचा होता. तो पाण्यात न उतरता उडून गेला असता, तर माझी नोंद तशीच राहिली असती, मी ती पूर्ण प्रामाणिकपणे चार जणांना सांगितली असती आणि त्यांनीही माझ्या शब्दाखातर ती मान्य केली असती.

त्या दिवसापासून मी एका मताला आलो आहे. एखाद्या प्रदेशात अनपेक्षित पक्षी दिसल्याची नोंद कोणाच्याही शब्दाखातर मान्य होता कामा नये. ज्याने तो पक्षी पाहिला नाही आणि निरीक्षक कोण, कसा होता हेही ज्याला ठाऊक नाही, अशा माणसाला पन्नास वर्षांनी तिच्यावर नेमकी शंका घेता यावी आणि त्या शंकेचे उत्तर नोंदीतच शोधता यावे, इतक्या तपशिलाने ती लिहिलेली असावी. आज दुर्बिणी आणि कॅमेरे पूर्वी कधी नव्हते इतक्या हातांत आहेत. ‘अमुक पक्षी आपल्या भागात प्रथमच’ असे छायाचित्र दर आठवड्याला कुठून ना कुठून मोबाइलवर येते, शंभर जण ‘लाइक’चा अंगठा उमटवतात आणि महिन्याभराने ते छायाचित्र कोणालाच सापडत नाही. तारीख विचारली तर ‘दिवाळीच्या आसपास’ असे उत्तर मिळते. एवढी मेहनत, एवढी भटकंती आणि एवढा आनंद अशा रीतीने विरून जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा हौशी लोकांचा आपापसातला मामला आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने रानपिंगळ्याची हकिकत नीट पाहावी. १८७३ साली पक्षीअभ्यासक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढच्या दहाबारा वर्षांत त्याचे मोजकेच नमुने, म्हणजे अभ्यासासाठी मारून, कापूस भरून ठेवलेले पक्षी, जमा झाले, त्यांतले बरेच खानदेशात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने मिळवलेले होते. १८८४ नंतर हा पक्षी दिसेनासा झाला. मधल्या काळात तो दिसल्याचे काही दावे झाले, पण ते टिकले नाहीत, कारण आपला नेहमीचा पिंगळा आणि रानपिंगळा घाईत एकसारखेच भासतात. एक नोंद मात्र भक्कम मानली जात होती. रिचर्ड माइनर्टझ्हागन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाने १९१४ साली तापीकाठच्या मांडवी येथे रानपिंगळा मिळवल्याचे सांगितले होते, आणि लेबल लावलेला नमुना संग्रहालयात होता. नमुना समोर असल्यावर शंका कोण घेणार?

शंका घेतली ती अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी. त्या नमुन्याची क्ष-किरणांनी आणि भिंगाखाली तपासणी झाली, आत भरलेला कापूस व शिवणीची पद्धत पाहिली गेली, तेव्हा लक्षात आले की हा पक्षी मूळचा डेव्हिडसनचा होता. तो संग्रहालयातून उचलून, उसवून, पुन्हा भरून त्याला नवे लेबल लावलेले होते. ठिकाण खोटे, तारीख खोटी. या खोट्या लेबलाने कित्येक वर्षे शोध चुकीच्या जागी वळवला होता. ते बाजूला ठेवून खऱ्या जुन्या नमुन्यांवर लिहिलेल्या ठिकाणांचा माग काढत रासमुसेन दोन सहकाऱ्यांसह निघाल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात त्यांना दिवसाउजेडी झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. डोक्यावर पांढरे ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, अशी सगळी लक्षणे जुळत होती. ११३ वर्षे तो पक्षी आपल्याच सातपुड्याच्या आसऱ्याने राहत होता. पुढे २०१४ साली तो थेट तानसा अभयारण्यातही सापडला.

या हकिकतीत मला रासमुसेन यांच्याइतकाच डेव्हिडसन मोठा वाटतो. त्याने आपल्या नमुन्यांवर खरे ठिकाण आणि खरी तारीख लिहिली. एवढेच केले. त्याच्या मागे कोणी येऊन तपासणार आहे याची त्याला कल्पना नव्हती, आणि तरीही त्याच्या शाईच्या दोन ओळींवर एक शतक उलटल्यानंतर एक प्रजाती परत मिळाली.

खोटी नोंद आजूबाजूच्या खऱ्या नोंदींनाही बुडवते, हे इंग्लंडने वेगळ्या प्रकारे अनुभवले. १८९२ ते १९३० या काळात ससेक्समधील हेस्टिंग्ज गावाच्या परिसरातून इतके दुर्मिळ पक्षी नोंदवले गेले, की शेवटी अभ्यासकांना त्या विपुलतेचाच संशय आला. सगळे धागे एका पेंढा भरणाऱ्या कारागिराच्या दुकानाशी पोहोचत होते. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्रिटिश बर्ड्स’ या नियतकालिकात मॅक्स निकल्सन आणि जेम्स फर्ग्युसन-लीस यांनी हा सगळा मामला मांडला. जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाने त्या परिसराच्या नोंदी शेजारच्या भागांशी आणि नंतरच्या काळाशी ताडून पाहिल्या आणि त्यांचे प्रमाण नैसर्गिक असणे अशक्यप्राय असल्याचे दाखवले. सुमारे ६०० नोंदी एका फटक्यात रद्द झाल्या. त्यांत काही अगदी खऱ्या असणार, हे रद्द करणाऱ्यांनाही कळत होते, पण खऱ्याखोट्याची निवड करायला आधारच उरला नव्हता. त्यातल्या कितीतरी प्रजाती पुढे ब्रिटनमध्ये निर्विवादपणे दिसल्या. ज्या कोणी त्या काळात तिथे प्रामाणिकपणे एखादा पक्षी पाहिला असेल, त्याची नोंद दुसऱ्याच्या लबाडीपायी गेली.

अनपेक्षित पक्षी एकदा आला आणि गेला, त्याने काय मोठा फरक पडतो, असाही प्रश्न विचारला जातो. विचारणारे पुष्कळदा चांगले अभ्यासक असतात आणि त्यांचे म्हणणे असे, की नेहमीच्या पक्ष्यांची नियमित गणना हे खरे काम, आणि दुर्मिळामागे धावणे हा छंद. पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ प्रजातींचे मूल्यमापन झाले ते तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर, आणि त्या नोंदींचा फार मोठा भाग साळुंक्या, बुलबुल, होले यांच्यासारख्या रोजच्या पक्ष्यांचा असतो. पण भरकटलेला पक्षी आणि बदलाचा पहिला पक्षी या दोहोंत दिसल्या दिवशी काहीच फरक नसतो. आपल्या गावोगावी तारांवर बसलेला पठाणी होला घ्या. गेल्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात त्याची वस्ती बाल्कन प्रदेशाच्या पलीकडे फारशी नव्हती. १९३० च्या दशकापासून तो वायव्येकडे सरकत गेला, १९५५ साली त्याने ब्रिटनमध्ये पहिल्यांदा घरटे केले आणि आज तो तिथल्या परसांतला नेहमीचा पक्षी आहे. तिथल्या ज्या निरीक्षकांनी पहिले एकटेदुकटे होले तारीखवार लिहून ठेवले, त्यांच्यामुळेच हा सगळा प्रवास वर्षागणिक नकाशावर मांडता येतो.

रिचर्डच्या तीरचिमणीची गोष्ट याहून बोलकी आहे. ती सैबेरियाच्या बाजूला वीण करते आणि हिवाळ्यात दक्षिण आशियात येते, म्हणजे आपल्याकडच्या गवताळ माळांवरची ती पाहुणी. पश्चिम युरोपात अधूनमधून दिसणाऱ्या तीरचिमण्यांना लोक दिशा चुकलेल्या, मरणपंथाला लागलेल्या समजत असत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की दक्षिण फ्रान्समध्ये हिवाळा काढणाऱ्या या पक्ष्यांपैकी काही वसंतात सैबेरियाकडे जातात आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तिथेच परततात. ज्याला चूक म्हणत होतो तो नवा मार्ग ठरला, आणि हे समजायला मदत झाली ती अनेक वर्षे कोणीतरी ‘पुन्हा एक तीरचिमणी’ असे कंटाळा न करता लिहून ठेवल्याची.

‘अनपेक्षित’ या शब्दाचा अर्थही आपण फार अरुंद केला आहे. पावसाळी वादळांनंतर किनाऱ्यावर थकून बसलेला फ्रिगेट पक्षी किंवा बूबी हा खुल्या समुद्रावरचा पक्षी सर्वांच्या नजरेत भरतो, त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रातही येते. पण हिवाळी पाहुणा असलेला धोबी भर मे महिन्यात थांबलेला दिसला, एरवी दहाबारा दिसणारे पक्षी एके दिवशी आठशे दिसले, किंवा दरवर्षी येणारा चातक ठरल्या वेळेनंतर तीन आठवडे आलाच नाही, तर तीही तितकीच असाधारण घटना आहे, आणि ती टिपण्यासाठी दुर्मिळाच्या मागे धावण्याची नव्हे, एकाच जागी पुन्हापुन्हा जाण्याची सवय लागते. त्यामुळे त्या दिवशी दिसलेल्या सर्व पक्ष्यांची पूर्ण यादी, किती वेळ आणि किती अंतर पाहिले याच्या उल्लेखासह लिहावी, असा माझा आग्रह आहे. काय दिसले नाही हे पूर्ण यादीवरूनच कळते.

आता नोंदीत काय असावे, याविषयी. दिनांक वर्षासह, वेळ, ठिकाण नकाशावर दाखवता येईल इतके नेमके, प्रकाश कोणत्या बाजूचा, अंतर किती, पक्षी किती वेळ दिसला, सोबत कोण होते, एवढे कोणीही लिहील. अवघड भाग वर्णनाचा आहे. बहुतेक जण आधी नाव ठरवतात आणि मग पुस्तक उघडून त्या नावाला जुळणारे वर्णन लिहितात. असे वर्णन अगदी निर्दोष दिसते आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो, कारण ते पुस्तकातल्या पक्ष्याचे असते. माझ्या वहीतल्या त्या टिलव्याच्या नोंदीत ‘पाय पिवळसर, मात्र गुडघ्याजवळ रंग असमान’ असे लिहिलेले होते. तो असमान रंग मी पाहिला होता, लिहिलाही होता, आणि नावाच्या मोहात त्याचा अर्थ लावला नव्हता. नाव चुकले तरी ती ओळ खरी होती, आणि एखाद्या जाणत्याने ती वाचून तिथेच बोट ठेवले असते. न जुळणारे लक्षण आधी लिहावे, आणि पुस्तक उघडण्यापूर्वी लिहावे.

छायाचित्र नसेल तर नोंद नाही, असा नवा दंडक काही गटांत रूढ होऊ लागला आहे, त्याला माझा विरोध आहे. छायाचित्राचे महत्त्व मी कमी मानत नाही. २०२० पासून उत्तर अमेरिकेत दूरदूर भटकलेला स्टेलरचा समुद्रगरुड ठिकठिकाणी दिसला तेव्हा तो एकच पक्षी असल्याचे ओळखता आले ते छायाचित्रांत टिपलेल्या त्याच्या पंखांवरच्या पांढऱ्या खुणांमुळे. पण महागडा कॅमेरा ज्याच्याकडे आहे त्याचेच डोळे खरे, हा न्याय झाला नाही. रानात रोज फिरणारा गुराखी, मासेमार, वनरक्षक, शाळकरी मुलगी यांना आपण एका अटीने बाहेर ठेवतो. शिवाय छायाचित्र स्वतःहून ठिकाण सांगत नाही. माइनर्टझ्हागनकडे तर छायाचित्राहून बळकट पुरावा होता, खुद्द पक्षी होता.

आवाज ओळखणाऱ्या ॲपबाबतही हेच. ‘मर्लिन’सारखे ॲप पहाटेच्या गलबल्यातून नावे सुचवते, आणि शिकणाऱ्यासाठी ती मोठीच सोय आहे, परंतु सुचवलेले नाव हा पुरावा नाही. ध्वनिमुद्रण जपून ठेवले तर ते पुरावा आहे. मुद्रण पुसून टाकून नाव तेवढे नोंदवणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत.

मग नोंद तपासायची कोणी? ब्रिटनमध्ये १९५९ पासून दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणारी समिती काम करते. २००२ साली सुरू झालेल्या ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या त्या प्रदेशाचे स्वयंसेवक समीक्षक अनपेक्षित नोंदींबाबत निरीक्षकाला प्रश्न विचारतात, आणि खात्री पटली नाही तर ती नोंद निरीक्षकाच्या स्वतःच्या यादीत राहते, पण सार्वजनिक नकाशात आणि आकडेवारीत येत नाही. हे काम करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. त्यांना मोबदला मिळत नाही, वाईटपणा मात्र भरपूर मिळतो. ‘पुराव्याअभावी अमान्य’ या दोन शब्दांचा अर्थ आपल्याकडे ‘तू खोटारडा आहेस’ असा घेतला जातो, जुने स्नेह तुटतात, आणि काही चांगले निरीक्षक त्या रागात नोंदवणेच थांबवतात. न्यायालयात सुटलेला प्रत्येक आरोपी निर्दोष असतोच असे नाही, तसा अमान्य झालेला प्रत्येक पक्षी चुकीचाच असतो असेही नाही. पुरावा पुरला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण हा अर्थ लोकांपर्यंत पोहोचायचा तर तपासणीही उघड हवी. प्रत्येक प्रदेशाच्या पक्षीसूचीसोबत अमान्य आणि अनिर्णीत नोंदींची यादी, कारणांसह, कायम जपली जावी असे माझे मत आहे. निर्णय कोणी दिला, कोणत्या लक्षणावर अडले, हे त्यात असावे. याचे कारण शिष्टाचाराचे नाही. ज्ञान बदलते तेव्हा जुना पुरावा नव्याने वाचावा लागतो. ह्यूम यांनीच १८६७ साली सतलज खोऱ्यात मिळवलेला मोठ्या चोचीचा एक वटवट्या जवळजवळ १४० वर्षे एकाच नमुन्यापुरता माहीत होता. २००६ मध्ये थायलंडमध्ये तसा जिवंत पक्षी हाती लागला आणि त्यानंतर संग्रहालयांचे कप्पे पुन्हा उघडले, तर दुसऱ्याच जातीच्या नावाखाली ठेवलेले त्याचे आणखी नमुने निघाले. कोणी ते ‘चुकीचे’ म्हणून फेकून दिले असते तर?

नोंद उघड असावी याला मी एक अपवाद मानतो, आणि तो ठामपणे मानतो. घरट्यावरच्या पक्ष्याचे, शिकारीचा किंवा पिंजऱ्याच्या व्यापाराचा धोका असलेल्या पक्ष्याचे नेमके ठिकाण लगेच जाहीर करू नये. एका घुबडाच्या ढोलीसमोर पहाटेपासून वीसपंचवीस जण तिपाया लावून बसलेले मी पाहिले आहेत. कोणीतरी मोबाइलवर आवाज वाजवत होते, आणि मादी दोन तास बाहेरच्या फांदीवरून ढोलीकडे पाहत होती, आत जात नव्हती. त्या जमावाला तिथवर आणणारी एक नोंदच होती. अशा वेळी नोंद पूर्ण तपशिलाने करावी, पण ठिकाण हंगाम संपेपर्यंत झाकून ठेवावे. झाकून ठेवणे आणि न लिहिणे यांत फरक आहे. ‘पक्ष्याच्या भल्यासाठी मी कुठेच नोंदवत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण ज्या माळावर काहीच नोंदवलेले नाही तो माळ कागदोपत्री ओसाडच असतो, आणि ओसाड जमीन कोणालाही देता येते.

जेर्डनच्या धाविकाने हेच दाखवले आहे. १९०० नंतर न दिसलेला हा निशाचर पक्षी १९८६ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशातल्या कडप्पा जिल्ह्यात पुन्हा मिळाला, तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शोधमोहिमेत, आणि मिळवून दिला एका स्थानिक पक्षी पकडणाऱ्याने, ज्याला त्या काटेरी झुडपांतली रात्र पाठ होती. त्या एका नोंदीमागोमाग तिथे अभयारण्य झाले, आणि तेलुगू गंगा कालव्याचा मार्गही या पक्ष्याखातर बदलावा लागला. झुडपांचा तो माळ त्याआधी सरकारी भाषेत पडीकच होता.

शेवटी एक काम, जे याच वर्षी हाती घेता येईल. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे पक्षी पाहिले अशी माणसे आता थकली आहेत, आणि त्यांच्या वह्या घरातल्या ट्रंकेत आहेत. घर बदलताना त्या रद्दीत जातात. मी अशा दोन वह्या हाताळल्या आहेत. एकीत पानोपानी पक्ष्यांची नुसती नावे होती, काही फार दुर्मिळ, आणि त्यांतल्या एकाचाही आज काही उपयोग करता येत नाही. दुसरीत एका पानावर नावाची जागा कोरी सोडून पेन्सिलीने लिहिले होते: तारीख, साल, बंधाऱ्याची पूर्वेकडची बाजू, ऊन पाठीमागे, चोच सरळ व डोक्याइतकी लांब, उडताना पाठीवर पांढरी उभी पट्टी, आवाज दोनदा ऐकला, आणि खाली पंखाचे कच्चे रेखाटन. ती वही आम्ही पानागणिक छायाचित्रित करून घेतली आहे. कोऱ्या जागेत अजून आम्ही काही लिहिलेले नाही. दोन नावे सुचली आहेत, आणि दोन्ही समासात पेन्सिलीने, प्रश्नचिन्हासह, लिहिणाऱ्याच्या सहीनिशी आहेत.